बर्फाच्या खोलीत कोण होतं?

५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत आणि कोणाचं लग्न नाही.

मी कॉलेजात नाव घातलंय. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून मानसशास्त्र. वर्ग रविवारी, बाकी अभ्यास घरी. तुझे दाजी म्हणतात, घरात वेडे आधीपासूनच होते, आता त्यांना नावं मिळतील. ते काही अगदीच खोटं नाही. पुस्तकातलं निम्मं मला माहीतच होतं, फक्त त्याला नावं असतात हे माहीत नव्हतं. मी संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवली की भिंगरी पलंगाखाली पळते, कारण किल्लीनंतर अभ्यास येतो. हे अभिसंधान. अभ्यास झाला की लिमलेटची गोळी मिळते, म्हणून ती शेवटी बाहेर येते. हे प्रबलन. मध्यंतरी गोळ्या संपल्या, तर थोड्याच दिवसांत अभ्यासही संपला. त्याला विलोपन म्हणतात. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, आता पाच वर्षांची आहे. तू तिला पाळण्यात पाहिली होतीस.

काम असं आहे. एक प्रात्यक्षिक करायचंय. प्रयोग करणाऱ्याने म्हणजे मी, आपल्या एखाद्या नातेवाइकाकडून त्याची लहानपणीची सगळ्यात जुनी आठवण लिहून घ्यायची. त्या नातेवाइकाला 'प्रयुक्त' म्हणायचं. हसू नकोस, तसंच म्हणतात. माझी स्वतःची आठवण मी आधीच लिहून, पाकीट चिकटवून आमच्या बाईंकडे दिली आहे, म्हणजे एकमेकांचं बघून लिहायला नको. तू फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्या पलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र. जे आठवतं ते जसंच्या तसं लिही. सजवू नकोस.

दुसरं. बाबांच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नाहीये. एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरतंय. जानेवारीपासून ते आमच्याकडेच आहेत, भिंगरीच्या खोलीत झोपतात. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मुलं हजर असलेली बरी. बाबा म्हणाले, "त्याला कळवू नकोस, उगाच त्याच्या कामाचा खोळंबा." म्हणून मी कळवतेय.

तुझी,
खार

•

२० फेब्रुवारी

प्रिय खारे,

तू शाळेत प्रगतिपुस्तकावर आईची सही स्वतः करायचीस, आणि आता लोकांची मनं तपासणार. चालू दे.

उशीर झाला, कारण इकडे लिफ्ट बंद पडायचा हंगाम असल्यासारखं चाललंय. परवा एक वकीलबाई दोन मजल्यांच्या मधे अडकल्या होत्या. मी वरचं दार उघडून वाकलो तर त्या शांतपणे छोट्या आरशात बघून पावडर लावत होत्या. म्हणाल्या, "उशीर केलात." याला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात ते कळव.

आता तुझं प्रात्यक्षिक.

बर्फाचा कारखाना. बाबा तिथे यंत्रावर होते, त्यांच्या आधी आजोबा. मी चार-पाच वर्षांचा असेन. डबा पोचवायला गेलो होतो. बर्फाच्या लाद्या ठेवायच्या खोलीचं दार उघडं होतं म्हणून आत गेलो. लाद्यांवर लाकडाचा भुसा पसरलेला, तो ओल्या पायांना चिकटत होता. दार जाड, लाकडी, आतून धरायला काहीच नाही. ते मागून लागलं आणि बाहेरून कडी पडली. मी बाबांना हाका मारल्या. बाहेर त्यांचा आवाज येत होता, ते कोणाशी तरी गप्पा मारत होते. आवाज हळूहळू लांब गेला. कोणी दार उघडलं नाही. पुढचं काही आठवत नाही, तिथेच संपतं.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीला एवढंच माहीत आहे की मी बाथरूमची कडी लावत नाही, आणि त्यावर ती पाहुण्यांसमोर विनोद करते. तू विचारलंस म्हणून लिहिलं. मी सकाळी येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो, बाबांच्या घरी एक रात्रसुद्धा राहत नाही, याचं कारण तू विचारून विचारून दमलीस. त्याचंही उत्तर यात आलं. त्यांच्या घरात दार लागलं की मला तो बाहेरचा आवाज ऐकू येतो. आणि त्यांनी आजवर त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. माफी राहू दे, "आठवतं का रे" एवढंही नाही.

ऑपरेशनला माझं काय काम? मी डॉक्टर नाही. सुट्टीही नाही. तू आहेस ना.

दादा

•

८ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं. समोर एक आजोबा डोळे तपासायला बसले होते आणि भिंतीवरच्या अक्षरांची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांना 'पुढची' म्हणायचं मी विसरले.

आता नीट वाच. बाईंकडे दिलेल्या पाकिटात मी जे लिहिलंय ते हेच आहे. डबा, भुसा, जाड दार, कडी. फक्त खोलीत तू नव्हतास. मी होते.

आणि माझं तुझ्यासारखं अर्ध्यावर संपत नाही. दार उघडलं, आणि ते बाबांनीच उघडलं. त्यांनी मला उचललं, माझे हात स्वतःच्या काखेत धरून गरम केले आणि गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. त्यांच्या सदऱ्याला यंत्राच्या तेलाचा वास येत होता. मला तो आजही ओळखता येईल.

मी याचा शांतपणे विचार केला. एकच प्रसंग दोघांवर येणं अवघड आहे. मला वाटतं, तू तो माझ्याकडून ऐकलास. लहानपणी गोष्ट लक्षात राहते पण ती कोणाकडून आली ते पुसलं जातं, आणि मग ती आपलीच वाटायला लागते. यावर पुस्तकात अख्खा धडा आहे. मेंदूत आठवण कपाटातल्या कपड्यासारखी घडी करून ठेवलेली नसते. दर वेळी आपण ती नव्याने शिवतो, आणि कापड कमी पडलं की हाताला लागेल ते ठिगळ लावतो.

तुझं ठिगळ कुठलं तेही मला दिसतंय. बाबांशी तुझं कधीच जमलं नाही. ते कमी बोलतात, तू त्याहून कमी. न जमण्याला एक कारण हवं होतं, ते तुला बर्फाच्या खोलीत सापडलं. आधी वागून मोकळं व्हायचं आणि मागाहून कारण शोधायचं, याला 'समर्थन' म्हणतात. कोंडलेल्या माणसांना बाहेर काढायचाच धंदा तू निवडलास, हेही त्यातलंच असावं.

रागावू नकोस. हे मी बहीण म्हणून नाही, प्रयोग करणारी म्हणून लिहितेय. बहीण म्हणून एवढंच म्हणते, की ऑपरेशनला ये.

तुझी,
खार

•

१५ मार्च

प्रयोगकर्त्या बाईंस,

लिफ्टच्या कंपनीत जागा निघाली होती म्हणून मी लिफ्टवर आहे. बेकरीत निघाली असती तर पाव भाजले असते. मग त्यातून तू काय काढलं असतंस?

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुझी ती आठवण आणि माझं ते समर्थन! दोन्हीकडे भुसा तोच, दार तेच, कडी तीच, पण खोटा मी एकटाच. का, तर पुस्तक तुझ्या हातात आहे.

तुझ्या आठवणीत बाबा दार उघडतात. उघडणारच. तुला ते जसे हवे आहेत तसे तू त्यांना करून घेतलंस. वर काखेतली ऊब काय, तेलाचा वास काय! मला ना ऊब मिळाली ना वास. लोकांनी आपल्या मनातलं दुसऱ्यावर लादलं की त्याला काहीतरी नाव असेलच तुझ्या पुस्तकात. नसलं तर तुझ्या बाईंना एक ठेवायला सांग.

एक गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सांगितली. तू तिच्यावर तांबड्या पेनाने खुणा करून परत पाठवलीस. प्रयुक्त म्हणून माझा राजीनामा घे. मी येत नाही. ऑपरेशन नीट होवो.

दादा

•

३० मार्च

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस. वहिनी म्हणते, "ते टेरेसवर आहेत." रोज कोण टेरेसवर असतं?

तुझं पत्र मला लागलं, आणि ते बरोबर होतं. तुझं लिहिलेलं मी बहिणीसारखं वाचलंच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. पण हे पत्र माफीचं नाही. एक घडलं आहे ते सांगते.

रविवारी सकाळी बाबांचा गुडघा ठणकत होता. मी भिंगरीला म्हटलं, फ्रिजमधून बर्फाचा ट्रे आण. ती जागची हलेना. म्हणाली, "मी नाही जा. मला बर्फात कोंडलं होतं."

मला वाटलं खेळतेय. म्हटलं, कोणी गं कोंडलं? तर म्हणाली, "मी डबा घेऊन गेले होते ना. पायाला सगळा भुसा लागला. मग धाडकन दार लागलं. कडी पडली." माझ्या हातात कप होता तो मी ओट्यावर ठेवला. दादा, तो कारखाना तिच्या जन्माच्या कितीतरी आधी पाडला. तिथे आता गाड्या लावतात. भुसा म्हणजे काय ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी विचारलं, तुला हे कोणी सांगितलं? तिला रागच आला. "कोणी नाही सांगितलं. मी होते तिथे!"

मी तडक बाबांच्या खोलीत गेले. ते गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. विचारलं, "हिला बर्फाच्या खोलीचं काय सांगितलंत?"

"गोष्ट," म्हणाले. "झोपताना. तुम्हाला सांगायचो तीच."

तुला आठवतात का त्यांच्या गोष्टी? इतरांच्या घरी गोष्टीत राजा असायचा, कोल्हा असायचा. आपल्या घरी ऐकणारा असायचा. जंगलात तू जायचास, विहिरीत मी पडायचे. "तू वाट चुकलास. मग तू काय केलंस?" असं विचारून बाबा थांबायचे. आपण उत्तर दिल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही. एरवी दिवसभर तोंड न उघडणारा माणूस, पण त्या वेळी बोलायचा. जंगल आणि विहीर आपण पाहिली नव्हती, म्हणून त्या गोष्टीच राहिल्या. कारखाना मात्र रोजचा होता.

मी विचारलं, "पण मुळात कोंडलं कोणाला होतं?"

"मला," म्हणाले.

ते डबा घेऊन गेले होते आजोबांचा. आजोबांनी आत न बघता कडी घातली आणि कोणाशी तरी बोलत जेवायला निघून गेले. बऱ्याच वेळाने एका हमालाने दार उघडलं. आजोबांनी जवळ घेणं लांबच, उलट झापलं, आत गेलासच कशाला म्हणून. त्यानंतर कारखान्याने त्या दाराला आतून मूठ बसवली, ती फिरवली की बाहेरची कडी निघायची. म्हणजे तू आणि मी जन्मायच्या आधीपासून त्या खोलीत कोणी कोंडलं जाणं शक्यच नव्हतं. तूही नव्हतास तिथे, मीही नव्हते.

मी म्हटलं, "मग बाप येतो, दार उघडतो, हात काखेत धरतो, ते?"

बाबा जरा वेळ गुडघा चोळत राहिले. म्हणाले, "तेवढं पदरचं घातलं."

आणि मग आपणहून पुढे म्हणाले, "तू टक्क जागी असायचीस, शेवटापर्यंत. दादा कधी तिथवर पोचलाच नाही. कडी पडली की त्याचा डोळा लागायचा."

मी त्यांना तुझ्या पत्रातलं एक अक्षरही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय की मी हे भिंगरीमुळे विचारलं. बाईंकडे जाऊन मी माझं पाकीट परत मागितलं, कारण त्यातलंही खरं नाही. बाई म्हणाल्या, राहू दे, आता कुठे ते उपयोगाचं झालंय.

ऑपरेशन सोळा एप्रिलला आहे. बाबांना धोका आहे, डॉक्टरांनी तो लपवलेला नाही. तू काय ते ठरव.

तुझी,
खार

•

६ एप्रिल

प्रिय खारे,

टेरेसवर लिफ्टची यंत्रखोली असते. मी खरंच तिथे होतो. पत्रही तिथेच वाचलं. खालून लोक बटणं दाबत होते, मी थोडा वेळ लिफ्ट बंदच ठेवली.

पटलं, आणि पटत नाही. तू म्हणतेस ते सगळं जुळतं. मी तिथे नव्हतो, बरं. पण कडीचा आवाज अजूनही येतो. खोटं ठरल्यावर आवाज थांबतो असं तुझ्या पुस्तकात कुठे लिहिलंय का? असेल तर ते पान पाठव. आणि भुसा मी पाहिला आहे. त्यावर मी अडून आहे.

दुसरं म्हणजे, इतकी वर्षं मी त्यांच्यावर धुमसत राहिलो. त्यांनी ते केलंच नाही म्हणतेस. मग त्या रागाचं करू काय? तो तर खराच होता. कामावर एक बरं असतं, बिघडलेला सुटा भाग काढून कोपऱ्यात टाकता येतो.

आईच्या आजारपणात मी आलो होतो तेव्हा त्यांनी माझं अंथरूण स्वतः घातलं होतं. मी 'गाडी आहे' म्हणून निघालो. गाडी नव्हती. स्टँडवर बसून राहिलो. हे आज का आठवलं कोण जाणे, पण हे मात्र नक्की घडलंय.

चौदाला कामावरून परस्पर रात्रीच्या बसने निघतो, पंधराला पोचेन. सुट्टी मागितली, मिळाली. तू पहिल्यांदा लिहिलंस तेव्हा मागितली असती तरी मिळाली असती. त्यांना काही सांगू नकोस. एवढंच विचार, की ती गोष्ट मला एकदा सांगाल का. मला शेवट माहीत नाही. तू लिहिलास, पण लिहिलेला चालत नाही.

या वेळी जागा राहीन.

दादा

•

४ मे

प्रिय दादा,

बाबा आता वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत एकटे चालत जातात आणि तिथून परत यायला कोणाची तरी वाट बघतात. झडप व्यवस्थित मिटते असं डॉक्टर म्हणाले. तुला खुशाली रोज फोनवर कळतेच, आणि तू हल्ली 'हं'च्या पुढे दोन-तीन शब्द बोलतोस, हेही नोंदवून ठेवलंय.

माझं प्रात्यक्षिक बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. शेरा दिलाय, 'प्रयोग करणारीच प्रयुक्त निघाली.' भिंगरी अजून फ्रिज उघडत नाही. मी तिला शंभरदा समजावलं की ती फक्त गोष्ट आहे. ती माझ्याकडे दयेने बघते. मी समजावणं सोडून दिलं. बाबांना मात्र ताकीद दिली आहे, की गोष्टीत यापुढे कोल्हाच घ्यायचा.

हे पत्र एका गोष्टीसाठी लिहितेय. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचं तुला जेवढं आठवतं तेवढं अर्धवट आहे, आणि तू गेल्यापासून फोनवर म्हणतोयस, "शेवट हुकलाच शेवटी." मी दारात उभी होते. काय झालं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझ्या आठवणीने त्यावर ठिगळ लावायला नको.

तू रात्रभर बसमध्ये बसून आला होतास, दिवसभर तपासण्यांच्या रांगेत उभा होतास. संध्याकाळी बाबांच्या खाटेशी स्टुलावर बसलास. ते छताकडे बघत होते. तुझा निरोप मी त्यांना आधीच दिला होता, पण आठवण करावी लागली नाही. आपणहून सुरू झाले, "तू डबा घेऊन निघालास." तू म्हणालास, "मग?" केस पिकायला लागलेला माणूस, पण 'मग' अगदी तसंच म्हणालास. बाबा म्हणाले, "खोलीचं दार उघडं होतं. मग तू काय केलंस?" तू म्हणालास, "आत गेलो." भुसा झाला. लाद्या झाल्या. दार लागलं. मग बाबा म्हणाले, "आणि बाहेरून कडी पडली," आणि तुझं डोकं खाटेच्या कठड्यावर टेकलं. तू घोरायलाही लागलास.

बाबा थांबले नाहीत. आवाज खाली आणला आणि सांगत राहिले. बाप जेवायला निघाला होता, वाटेत त्याला वाटलं डबा कुठे आहे, तो मागे फिरला, त्याने कडी काढली. सलाइन न लावलेल्या हाताने त्यांनी तुझा लोंबणारा हात उचलला आणि काखेत धरला.

मी दारातून म्हटलं, "बाबा, तो झोपलाय."

"माहितेय मला," म्हणाले. "तो नेहमी इथेच झोपतो. पण दार उघडल्याशिवाय मी कधी उठलो नाही."

तुझी,
खार